स्टेरॉइड कमी करण्यासाठी टॉसिलिझुमॅबचा विचार करावा का?

प्रश्न : माझ्या आईला जायंट सेल आर्टरायटिस (डोक्याकडील धमन्यांचा दाह, ज्याने दृष्टीही जाऊ शकते) असून ती अकरा महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत आहे. डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आणला की कानशिलातील वेदना परत सुरू होतात, आणि आता तिची रक्तशर्कराही वाढू लागली आहे. दुसरे औषध उपलब्ध आहे का?

प्रतिसाद १ : आहे. दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या प्रथिनाचे कार्य रोखणाऱ्या टॉसिलिझुमॅबला या आजारासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठवड्याला हे इंजेक्शन घेत २६ आठवड्यांत स्टेरॉइड थांबवलेल्या रुग्णांपैकी ५६ टक्के रुग्णांचा आजार वर्षअखेरीस आटोक्यात होता. तितक्याच काळात स्टेरॉइड थांबवलेल्या, पण हे इंजेक्शन न मिळालेल्या रुग्णांत हे प्रमाण १४ टक्के होते. सुरुवातीला मात्र स्टेरॉइडच द्यावे लागते, कारण दृष्टी वाचवण्यासाठी त्याचा त्वरित परिणाम आवश्यक असतो.

प्रतिसाद २ : हे औषध प्रतिकारशक्ती कमी करते, म्हणून आधी सुप्त (लक्षणे नसलेल्या) क्षयरोगाची तपासणी करून घ्या. पूर्वी मोठ्या आतड्याचा डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या भिंतीतील लहान पिशव्यांचा दाह) झाला असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या औषधाने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. शिवाय या औषधाने सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारा घटक) खाली राहतो, त्यामुळे जंतुसंसर्ग असूनही अहवाल निर्धास्त करणारा दिसू शकतो; मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रश्नकर्ती : इंजेक्शन सुरू होताच गोळ्या थांबवता येतील का?

प्रतिसाद १ : कृपया तसे करू नका. इतक्या महिन्यांत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींची स्वतःची कॉर्टिसॉल-निर्मिती (शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड) मंदावलेली असते, म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावा लागतो.