स्लो स्पीडला बाईक आत पडते ती वजनामुळे की पुढच्या जॉमेट्रीमुळे?

त्रिज्या:
यू टर्न घेताना किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालायच्या स्पीडने गाडी वळवताना हँडल आपोआप आत पडतंय असं वाटतं ना, त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं असतं, गाडी जड आहे. मला हे पटत नाही. वजन आहेच, पण ते वजन हँडलवर कसं येतं हे पुढची जॉमेट्री ठरवते, आणि बाईक घेताना आपण सीसी, टॉर्क, मायलेज सगळं विचारतो पण रेक-ट्रेल कोणीच विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं तो उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो तो रेक. तीच रेष जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते, ते मधलं अंतर म्हणजे ट्रेल. स्पीडला ट्रेल आपला मित्र आहे, ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं चाक मागे ओढलं जातं आणि हँडल सरळ राहतं. पण दांडा तिरका असल्यामुळे हँडल वळवलं की गाडीचं तोंड किंचित खाली बसतं आणि एकदा खाली जायला वाट मिळाली की वजन त्याला अजून वळवतं. ह्याला व्हील फ्लॉप म्हणतात. हिशोब सोपा आहे, ट्रेल गुणिले साइन रेक गुणिले कॉस रेक. समजा रेक २६ अंश आणि ट्रेल १०० मिमी, तर फ्लॉप येतो साधारण ३९ मिमी. रेक ३३ आणि ट्रेल १४० केला की तोच ६४. गाडीचं वजन एक किलोने पण वाढलेलं नाही आणि आत पडायची ओढ दीडपटीच्या वर गेली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शहरात चालवणाऱ्याने आधी हे आकडे बघावेत, मग सीसी.

क्लचवाला:
दादा, हिशोबाबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. अमेरिकेतले मोटरसायकल पोलीस हार्लेच्या टूरिंग बाईक्स चालवतात, ३५० किलोच्या वरची गाडी, ट्रेल १७० मिमीच्या आसपास. त्याच गाड्या ते शंकूंच्या मधून, पूर्ण लॉक लावून (हँडल शेवटपर्यंत वळवून), पाय न टेकता काढतात आणि त्याच्या स्पर्धा पण होतात. तुमच्या हिशोबाने ते व्हायलाच नको. रेक २६ धरला तरी फ्लॉप ६७ येतो, तुमच्या उदाहरणापेक्षा जास्त!

ते लोक हाफ क्लच, थोडा स्थिर थ्रॉटल आणि हलका मागचा ब्रेक एवढ्यावर गाडी उभी ठेवतात आणि नजर जिथे जायचंय तिथे. आपल्याकडे आरटीओला आठ काढताना ज्यांचा पाय टेकतो ते बघा, बहुतेकांची नजर पुढच्या चाकावर असते आणि क्लच पूर्ण दाबलेला असतो. मागच्या चाकाला ओढ नाही म्हटल्यावर गाडी पडणारच. जॉमेट्रीला दोष देणं सोपं आहे कारण ती बदलता येत नाही.

त्रिज्या:
@क्लचवाला तुमचं उदाहरण मला आवडलं पण ते माझ्याच बाजूने जातं. त्या हार्लेंमध्ये फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) स्टिअरिंग हेडच्या (हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमची नळी) पुढे नाही, मागे बसवलेला आहे. हेडचा कल २६ अंश आणि फोर्कचा २९ च्या वर, म्हणजे दोन्ही वेगळे ठेवलेत. ट्रेल मोठा हवा होता पण हेड फार कलवायचं नव्हतं, म्हणून एवढा खटाटोप. तोच १७० चा ट्रेल ३३ च्या रेकवर ठेवला असता तर फ्लॉप ७८ च्या आसपास गेला असता. वर ते रुंद हँडल, म्हणजे हाताला लिव्हर मोठा. शिकलेला पोलीस ती ओढ सांभाळतो ह्याचा अर्थ ओढ नाही असा होत नाही. भाजी आणायला निघालेल्या माणसाने पोलिसाइतकी प्रॅक्टिस करावी ही अपेक्षा बरोबर नाही.

वळसा_ठाणे:
तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय, स्टिअरिंग लॉक. हँडल किती अंश वळतं ते. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १३९० मिमी आहे. गाडी उभी धरून सरळ हिशोब केला तर ४० अंश वळल्यावर मागचं चाक १.६६ मीटर त्रिज्येने फिरतं, ३० अंशच वळलं तर २.४१ मीटर. आता लॉक ४० च ठेवा आणि व्हीलबेस १०० मिमीने वाढवा, फरक पडतो फक्त १२ सेंटीमीटर. म्हणजे लांब गाडी वळत नाही वगैरे जे बोलतात त्यात फार दम नाही. क्लिप-ऑन हँडलवाल्या (हँडल थेट फोर्कला लावलेल्या, रेसिंग छापाच्या) गाड्यांचा रेक कमी असतो, ट्रेल पण कमी, तुमच्या फ्लॉपच्या हिशोबाने त्या स्लो स्पीडला सगळ्यात सोप्या असायला पाहिजेत, पण गल्लीत वळवून बघा, अंगठा टाकी आणि हँडलच्या मध्ये सापडतो आणि तीन वेळा मागेपुढे करावं लागतं.

त्रिज्या:
लॉकचं मान्य, पण लॉक सांगतो गाडी किती वळेल, फ्लॉप सांगतो वळताना हाताला काय वाटेल. दोन प्रश्न वेगळे आहेत.

सुसाट_९६:
एवढं काय त्यात, स्लो स्पीडला चाकांचा गायरो इफेक्ट (फिरत्या चाकाची सरळ राहायची ओढ) जातो म्हणून गाडी पडते, बाकी काही नाही

क्लचवाला:
@सुसाट_९६ गायरो कमी होतो हे खरं, पण बाकी काही नाही हे खरं नाही. २०११ मध्ये सायन्स मासिकात पेपर आला होता, त्या संशोधकांनी अशी सायकल बनवली की उलट्या फिरणाऱ्या जास्तीच्या चाकांनी गायरो रद्द केला आणि ट्रेल चक्क थोडा उणे ठेवला, तरी ती विनास्वार ठराविक स्पीडला स्वतः तोल सांभाळायची. वजन कुठे ठेवलंय ह्याने पण फरक पडतो. त्रिज्या दादांना पण हेच सांगतोय, एका ट्रेलवर सगळं लादू नका.

गिअरवाली_ताई:
मी बायकांना गिअरची गाडी शिकवते, त्यातल्या बऱ्याच जणी स्कूटरवरून आलेल्या असतात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर वाटतंय पण मला वेगळ्याच गोष्टीची काळजी आहे. पाय टेकत नाहीत म्हणून हल्ली लोअरिंग लिंक (गाडी खाली आणणारा सस्पेन्शनचा जोड) टाकून घेतात, फक्त मागे. मागून गाडी २५ मिमी खाली आली की १४०० च्या व्हीलबेसला रेक साधारण एक अंशाने वाढतो आणि ट्रेल ५-६ मिमीने. म्हणजे पाय टेकायला लागले पण हँडल आधीपेक्षा आत पडायला लागलं, आणि त्या बिचारीला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. मागे कमी केलं तर पुढे पण फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवून कमी करायला हवं हे गॅरेजमध्ये कोणी सांगतच नाही!! पिलियन बसला की पण तेच, मागचे शॉकअप बसतात, तोंड वर जातं. नवरा मागे बसवून यू टर्न घेताना गाडी वेगळीच वागते ती ह्यामुळे. शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) एक-दोन खाचा वाढवला की लगेच फरक कळतो, त्याला पैसे पण लागत नाहीत.

आणि @क्लचवाला, क्लच-ब्रेकचं तुमचं शंभर टक्के बरोबर, फक्त एक जोडा, वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक अजिबात नाही. पार्किंगमध्ये पडणाऱ्या किती जणी त्यानेच पडतात.

पाना_दहा_बारा:
गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. हँडल आत पडतंय म्हणून जे गिऱ्हाईक येतं त्याची जॉमेट्री कंपनीतून आली तशीच असते, बिघडलेला असतो कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) नाहीतर पुढची हवा कमी. मेन स्टँडवर लावा, मागून कोणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि दोन बोटांनी हँडल हळू फिरवा. बरोबर मध्यभागी आल्यावर टक करून अडकल्यासारखं झालं तर बॉलने कपात खड्डे पाडलेत. अशी गाडी स्लोमध्ये सरळ जातच नाही, हँडल मध्यात चिकटतं, तुम्ही जोर लावता, मग ते एकदम सुटून जास्त वळतं, लोक म्हणतात गाडी आत पडते. कोनसेट बदलला की नवीन गाडी.

फोर्क वर सरकवायचं म्हणताय ते बेतानेच. १० मिमी सरकवला की रेक अर्ध्या अंशापेक्षा कमी बदलतो, ट्रेल दोन-तीन मिमी. त्याने यू टर्नला जादू होत नाही, आणि लोक मग हावरटासारखे ३० मिमी सरकवून आणतात. फोर्क पूर्ण दबला की मडगार्ड खालच्या टीला (फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पला) घासतं आणि हायवेवर हँडल थरथरतं ते वेगळंच. जीवाशी खेळ आहे.

त्रिज्या:
@पाना_दहा_बारा कोनसेटचं सोन्यासारखं सांगितलंत. पण मी नवीन गाडी निवडण्याबद्दल बोलतोय, असलेली गाडी कापून-सरकवून बदला असं नाही. तिथे अजूनही म्हणतो, आकडे बघा. शोरूमच्या पत्रकात नसेल तर स्वतः मोजा. गाडी सरळ उभी करून ॲक्सलमधून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा, मग स्टिअरिंग हेडच्या रेषेत लांब पट्टी धरून ती जमिनीला कुठे टेकते तिथे दुसरी खूण. मधलं अंतर म्हणजे ट्रेल.

क्लचवाला:
मोजा, पण मोजताना कोणीतरी सीटवर बसलेलं पाहिजे, रिकाम्या गाडीचा ट्रेल तुम्ही कधी चालवत नाही.

नवीन_पाखरू:
मला रोज दुभाजकातल्या अरुंद फटीतून यू टर्न घ्यावा लागतो, हंटर घेऊ की क्लासिक? दोन्ही एनफील्डच्या, ३५०.

त्रिज्या:
हंटर. १७ इंची चाक, व्हीलबेस १३७०, वजन १८१ किलो. क्लासिकचं पुढचं चाक १९ इंची आणि वजन १९५. रेक आणि ऑफसेट (स्टिअरिंगच्या रेषेपासून ॲक्सल किती पुढे) तेच ठेवून चाकाची त्रिज्या २० मिमीने घटली तरी ट्रेल जवळपास १० मिमीने उतरतो.

क्लचवाला:
माझं मत वेगळं. १४ किलो आणि दोन इंचांवर ठरवू नका, उंची आणि बसायची पद्धत जी जमते ती घ्या. टेस्ट राइडला शोरूमचा माणूस सरळ रस्त्यावर नेऊन आणतो, तुम्ही त्याला सांगा मला यू टर्न घ्यायचाय. दोन्हीवर डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण लॉक लावून, पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर फिरवा, आणि जमलं तर एकदा मागे कोणीतरी बसवून. उजवीकडचा नक्की बघा, थ्रॉटलचा हात शरीराजवळ येतो आणि आपला रोजचा यू टर्न तिकडचाच.