मदत हवी आहे : गिधाडांची गळालेली पिसं गोळा करायला परवाना कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, म्हसळ्याच्या बाजूला पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या घरट्यांखाली पडलेली पिसं जनुकीय तपासणीसाठी गोळा करायची आहेत. पक्ष्याला हात लावणार नाही, झाडावरही चढणार नाही. पालापाचोळ्यातून विष्ठेनं माखलेली पिसं चिमट्यानं उचलून कागदी पाकिटात, बस्स. पण गिधाड परिशिष्ट १ मधलं (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी), म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम १२ (संशोधनासारख्या कामांसाठीचा परवाना), नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज, वर केंद्राची मंजुरी. तस्करी बघता नियम हवेतच, तक्रार नाही. पण वीण हिवाळ्यात, तोवर कागद हातात यायला हवा. घरटी खासगी वाडीतल्या माडांवर असतील तरी हेच सगळं का? आणि नमुने राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत न्यायचं त्याच अर्जात मागायचं की वेगळं? कुणी नुकताच काढलाय का?