जेलच्या आधी पायातला रक्तप्रवाह बघा

तुमच्या काकांच्या पायाच्या जखमेबद्दलच्या प्रश्नावर कुणीतरी 'रक्तवाहिन्या वाढवणारं जेल लावलं की मधुमेहातली पायाची जखम भरते' असं म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. असं एक जेल म्हणजे बेकाप्लर्मिन; ते अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं. त्यातलं प्रथिन दुरुस्ती करणाऱ्या पेशींना जखमेत बोलावतं, नव्या केशवाहिन्यांना (अगदी बारीक रक्तवाहिन्यांना) चालना देतं. मुख्य चाचणीत २० आठवड्यांत ५० टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, औषधाविना जेल लावलेल्यांत ३५ टक्के. पण हे पायाला पुरेसा रक्तपुरवठा असलेल्यांसाठीच. वरची धमनीच तुंबली असेल तर त्या केशवाहिन्यांत रक्त येणार कुठून?

माझ्या आईच्या टाचेची जखम पाच महिने पिवळट, चिकट होती. मेलेला भाग खरवडून काढला, टाचेवरचा भार पूर्ण बंद केला. तिसऱ्या आठवड्यात तळाशी डाळिंबासारखे लाल दाणे दिसले, गॉज उचलताना टिपूसभर रक्त आलं. मी घाबरले, तर सिस्टर म्हणाल्या, "अहो, हेच तर हवंय!" ते दाणे म्हणजे नव्या केशवाहिन्यांनी भरलेलं कोवळं मांस.

तुमच्या काकांची डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी पायातला रक्तप्रवाह बघणारी) आधी करून घ्या. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की घोट्याचा रक्तदाब फसवा, जास्त येतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचाही मोजायला सांगा.