ताट ‘वाढलं’ की ‘मांडलं’? प्लेटिंगला आपल्याकडे काय म्हणायचं

परवा भाचीने वेंगुर्ल्याकडच्या एका रिसॉर्टमधल्या जेवणाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, सात कोर्सचं जेवण होतं, आणि खाली लिहिलं, ‘शेफने काय सुंदर ताट वाढलंय बघा’. आईने चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला. काळी पसरट प्लेट, मधोमध चार बोटांएवढा बांगड्याचा तुकडा, बाजूला तिरफळाच्या तेलाचे पाच-सहा थेंब. मग मला विचारलं, ‘ह्यां कोणी वाढल्यान?’ मी म्हटलं शेफने. तर म्हणते, ‘तो खंय होतो थंय?’

तेव्हापासून ‘वाढणे’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

आईचं म्हणणं मला पूर्ण पटलं. वाढणे म्हणजे नुसतं भांड्यातलं ताटात घालणे नव्हे. वाढायला समोर माणूस लागतो, एकाच्या हातात पळी किंवा दवलो, दुसऱ्याच्या पुढ्यात पान, आणि दोघांच्या मध्ये ‘घे गो जरा’, ‘नको, बस झाला’, मग पानावर आडवा धरलेला हात आणि तरीही त्या हाताच्या कडेने पडलेला अर्धा डाव भात. हे सगळं मिळून ‘वाढणे’ होतं. किती वाढायचं हे खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरतं. ‘वाढताना हात आखडता घेतला’ हे आपण वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो, आणि पंगतीत एकाला जास्त एकाला कमी वाढलं तर त्याला पंक्तिप्रपंच असा वेगळा शब्दच आहे, म्हणजे या क्रियापदात किती माणुसकी धरलीय बघा. शिवाय वाढणे म्हणजे मोठं होणे हा अर्थ शेजारीच आहे, नारळ फोडतानासुद्धा आपण नारळ ‘वाढवतो’, त्यामुळे वाढणे म्हटलं की कानाला आपोआप भरभराट ऐकू येते.

आता त्या रिसॉर्टमध्ये काय झालं, तर आत स्वयंपाकघरात कोणीतरी चिमट्याने एकेक पान ठेवलं, चमच्याने थेंब सोडले, प्लेटची कडा पुसली आणि प्लेट बाहेर आली, यालाच प्लेटिंग म्हणतात. कौशल्य आहे, मी ते मुळीच कमी लेखत नाही, भाची म्हणाली चव अप्रतिम होती आणि तिच्या जिभेवर माझा विश्वास आहे. पण ते वाढणे नाही. ते मांडणे आहे. पान मांडणे, पाट-पाणी मांडणे, भातुकली मांडणे, देवापुढे पूजा मांडणे, सगळीकडे मांडणीत वस्तूची जागा महत्त्वाची, ती वस्तू घेणारा अजून आलेला नसला तरी चालतं. प्लेटिंगमध्ये नेमकं हेच असतं. तेव्हा माझं मत, ‘शेफने ताट मांडलं’ म्हणा, ‘वाढलं’ म्हणू नका.

आणि मांडणी आपल्याला नवीन आहे असं कोणी समजू नये. मीठ वर मधोमध, डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, आमटी, उसळ, आपल्यासमोर भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. केळीचं पान असेल तर शेंडा डावीकडे. ‘डावी बाजू’ हा आमच्याकडे पदार्थांचाच शब्द आहे, ‘डावी बाजू काय काय केलंस?’ असं विचारतात. डावीकडचं बोटाने चाटायचं, उजवीकडचं पोटभर खायचं, इतका साधा हिशोब आहे त्यामागे. आणि ‘मूद पाडणे’! वाटीला आतून तुपाचं किंवा पाण्याचं बोट फिरवून भात दाबून उपडी करायची. आज शेफ स्टीलच्या गोल रिंगमध्ये भात दाबून रिंग वर उचलतो, ते दुसरं काय आहे? त्यासाठी मराठीत वेगळा शब्द शोधत बसायची गरजच नाही, तो आपल्या घरात बसलाय.

‘कोर्स’चं काय करायचं असं भाचीने विचारलं. मी म्हटलं ‘फेरी’. मठ्ठ्याची फेरी, जिलबीची फेरी असं आपण पंगतीत म्हणतोच. वरणभाताने सुरुवात, मधे मसालेभात, शेवटी ताकभात, हा क्रम म्हणजे कोर्सच की. गंमत म्हणजे युरोपातही श्रीमंतांच्या टेबलावर आधी पुष्कळसे पदार्थ एकदमच मांडून ठेवायचे, एकेक पदार्थ क्रमाने आणून द्यायची पद्धत तिथे 19व्या शतकात रुळली आणि तिला ‘रशियन पद्धत’ म्हणायचे. म्हणजे आपली थाळी मागासलेली आणि सात कोर्स सुधारलेले असं काही नाहीये, दोन्ही रीती आहेत. फक्त पहिल्या कोर्सच्याही आधी जो एक घासाचा पदार्थ येतो, अम्यूज-बूश, त्याला कोणी ‘तोंडी लावणं’ म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ तोंडाला रिझवणारं असा, तो एकदा येतो आणि जातो. तोंडी लावणं मात्र जेवणभर ताटात पाहिजे, पेजेबरोबर सुका बांगडा भाजलेला असतो तसं, ते संपलं की पेजही घशाखाली उतरत नाही.

एक भाषांतर मात्र मला फार आवडलंय आणि ते मी सगळ्यांना सांगत सुटलेय. ती मिशेलिनची पुस्तिका, टायरच्या कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी काढलेली, तिच्यात 1926 पासून हॉटेलांना तारे द्यायला लागले आणि 1931 पासून एक-दोन-तीन अशी वर्गवारी झाली. दोन ताऱ्यांचा अर्थ त्यांनी दिलाय तो असा की रस्ता सोडून, वळसा घेऊन जावं अशा लायकीचं. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, ‘वाट वाकडी करणे’! वाट वाकडी करून जाण्याजोगं जेवण. तीन तारे म्हणजे मुद्दाम त्याच्यासाठीच प्रवास करावा असं. आता तुम्हीच सांगा, मालवणला जाताना हायवे सोडून गल्लीबोळातल्या कुठल्यातरी घरगुती खानावळीत तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि वडे खायला आपण वाट वाकडी करतो की नाही? हा वाक्प्रचार रस्त्यावरच्या माणसाचा आहे आणि ती पुस्तिकाही रस्त्यावरच्या माणसासाठीच होती, म्हणून तो इतका चपखल बसतो.

आता फोटो. हल्ली जेवण आलं की सर्रास म्हणतात, ‘थांबा, आधी मोबाईलला नैवेद्य दाखवूया’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा खटकलं, देवाचा शब्द कुठे लावताहेत असं वाटलं. पण नंतर विचार केला तर शब्द म्हणून तो अगदीच चुकीचा नाहीये. नैवेद्य आणि निवेदन एकाच धातूचे, निवेदन म्हणजे कळवणे, पुढे ठेवणे. आणि आपण नैवेद्य ‘दाखवतो’. खाण्याआधी, ताट उष्टं व्हायच्या आधी. फोटोही उष्टं होण्याआधीच काढतात. इथपर्यंत जुळतं. न जुळणारी गोष्ट वेळ. आमच्याकडे पानाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले, झालं, मिनिट नाही लागत, कारण मागे पोरं भुकेली बसलेली असतात आणि उकडीच्या मोदकावर ओतलेलं तूप गरम आहे तोवरच खरं.

यावरूनच तो दुसरा शब्द आठवला, निवणे. आई नेहमी म्हणते, ‘जेवण निवता, आदी जेव’. निवणे म्हणजे गार होणे. पण ‘डोळे निवले’ म्हणजे डोळ्यांना सुख झालं, ‘जीव निवला’ म्हणजे शांत वाटलं. एकच क्रियापद, ताटाला लावलं तर नुकसान आणि डोळ्याला लावलं तर समाधान. डोळे निवेपर्यंत जेवण निवतं, फोटो काढणाऱ्याची अडचण एवढ्या नेमक्या शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचली नाही. घावणे दोन मिनिटांत वातड होतात, रव्यात घोळवून तळलेल्या सुरमईचं वरचं कुरकुरीत कवच वाफेने मऊ पडतं. म्हणून मी भाचीला सांगितलंय, सोलकढी आणि कोशिंबिरीचे फोटो सावकाश काढ, तळलेल्याला एकच.

काढण्यावरून पण बोलायचंय. फोटो काढणे, घेणे, मारणे, खेचणे, सगळं चालतं, पण मला जेवणाच्या फोटोसाठी ‘टिपणे’ आवडतं. पाखरू दाणे टिपतं, टिपकागद शाई टिपतो. टिपणे म्हणजे हलक्या चोचीने नेमकं तेवढंच उचलणे. भाची खरंच तसा टिपते. फ्लॅश कधी लावत नाही, त्याने रस्सा प्लास्टिकसारखा चमकतो आणि सोलकढीचा गुलाबी रंग धुऊन जातो. खिडकीजवळची जागा मागून घेते, उजेड बाजूने किंवा ताटाच्या पलीकडून येऊ देते म्हणजे वाफ दिसते. पूर्ण थाळी असेल तर बरोबर वरून, पेला असेल तर तिरपा. मागच्या मे महिन्यात आमच्या जुन्या घरी आली तेव्हा तिने माजघरात, काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप पडते ना, तिथे शिरवाळ्यांचं, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं, ताट ठेवलं, नारळाच्या रसात गूळ विरघळलेला, आणि तो फोटो असा आलाय की मी अजून रोज एकदा उघडून बघते.

काल हे सगळं फोनवर रत्नागिरीच्या मावशीला सांगत होते तर ती म्हणाली, वाढणे-मांडणे ठीक आहे गं, पण हॉटेलात वेटर तुमच्या समोर येऊन वाटीतलं सार प्लेटमध्ये ओततो ते काय? बरोबर मुद्दा. भाचीने सांगितलं तिच्याकडेही तसंच झालं होतं, कोकमाचं सार समोर ओतलं, ओतण्याआधी वेटरने स्वतःच विचारलं, ‘मॅडम, फोटो घ्यायचाय का, मी थांबतो’. तिथे माणूस आहे, हात आहे, विचारणं आहे. त्याला मी ‘वाढलं’ म्हणायला तयार आहे. फक्त त्याने ‘आणखी देऊ का’ विचारलं असतं तर शंभर टक्के म्हटलं असतं.

भाचीने शेवटी ओळ बदलली, ‘शेफने ताट मांडलं, वेटरदादांनी सार वाढलं’ असं केलं. आईने वाचलं आणि अंगठा पाठवला.

एक विचारायचं राहिलं. मूद पाडायला आमच्याकडे साधी आमटीची वाटीच घेतात. पण काही घरांत त्यासाठी पितळेचं वेगळं छोटं भांडं असतं, वर मूठ असलेलं. दापोली-गुहागरकडे किंवा अलिबागकडे त्याला काय म्हणतात? आणि ज्यांच्याकडे ते अजून वापरात आहे त्यांनी जमलं तर भात दाबतानाचा एक फोटो टिपून टाका, हातासकट.