अनुभव धागा: गावातलं घर आणि पावसाळ्याआधीची डागडुजी

मृग तोंडावर आला की गवंडी मिळत नाही, सुतार फोन उचलत नाही. तुमच्या भागात घराचं काय बिघडतं, का बिघडतं आणि काय केलं की टिकतं, ते मापासामानासह लिहा.

भंडारा, कवेलूचं (कौलारू) घर
घर फेरायचं, म्हणजे कवेलू काढून पुन्हा नीट लावायचं काम मे महिन्यातच उरका. नळीच्या कवेलूवर पाय देऊ नका. फाट्यांवर (छपराच्या वाशांवर) आडवी फळी टाकून तिच्यावर बसा. प्रत्येक कवेलू बोटाने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर चिरलेलं. वरचं कवेलू खालच्यावर निदान 3 इंच चढलेलं हवं. वानरांच्या उड्यांनी ते सरकतं आणि एकही कवेलू फुटलेलं नसताना घर गळतं. पाणी कमचीवरून (कवेलूखालच्या बांबूच्या पट्टीवरून) वाहत येऊन खाली टपकतं, म्हणून गळकी जागा टपकतं त्याच्या वर, आढ्याकडे शोधा. जुनी कवेलू फेकू नका, जोडीला तशी मिळत नाहीत.

यवतमाळ, काळ्या मातीवरचं घर
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग उन्हाळ्यात रुंदावते, पावसाळ्यात मिटते. उन्हाळ्यात तिच्यात सिमेंट ठासलं की माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा राहत नाही, शेजारी नवी भेग पडते. आधी भेगेच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि एक पूर्ण वर्ष पाहा. खरं काम बाहेर आहे: भिंतीलगत 3 फूट रुंद पट्टीतली काळी माती फूटभर काढून मुरूम दाबा आणि वर बाहेरच्या उताराची फरशी घाला. मोरीचं पाणी पायथ्याशी मुरू देऊ नका. एवढं झाल्यावरच भेग भरा. घाईने रंग देणाऱ्याचे पैसे जातात, हे पाहून जीव हळहळतो.

दर्यापूर, खारपाणपट्टा
विहिरीच्या खाऱ्या पाण्यात स्लॅबचा माल कालवू नका. मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातलं क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत हवं. जास्त असेल तर सळई गंजून फुगते आणि छताचे ढलपे पडतात. ढलप्यावर नुसता गिलावा मारणं व्यर्थ. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडा, चांगलं लोखंड दिसेपर्यंत तारेच्या ब्रशने घासा, झिंक प्रायमर लावा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरा. सळई फारच झिजली असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

लोखंडी पाइपऐवजी सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) टाका. बाकी नळाचा क्षार लिंबाने निघतो.

वर्धा, वायरिंगचं काम
दर्यापूरकरांना जोड: खारं पाणी कूलरलाही खातं. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतो. नुसती भर घालत राहू नका, 3-4 दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. नाहीतर गवताच्या जाळ्या पांढऱ्या, कडक होतात आणि हवा अडते.

पण खरी काळजी करंटची आहे. पंपाचं सील गेलं की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. तीन पिनांची प्लग असली तरी अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडलेला असतो, म्हणजे नेमकं ज्या महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो. त्या खड्ड्यात आठवड्याला 2 बादल्या पाणी ओता. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि तिचं टेस्ट बटण महिन्याला दाबून पाहा. टाकीत पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागवू नका, प्लगच काढा; कित्येक जुन्या बोर्डांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि बंद केल्यावरही कूलरच्या वायरीत करंट असतोच. लेकरं घरात असतील तर हे आजच तपासा.