आधी मिळकत पत्रिका, मग बिल्डर

ताई, "पुनर्विकासाला बिल्डर ठरला की करारनामा तपासायला वकील बघू," असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तेवढं थांबू नका. आमच्या सोसायटीने हेच केलं. निविदा आल्या, बैठका झाल्या, आणि मग वकीलबाईंनी मिळकत पत्रिकेतल्या (म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, जमीन कुणाच्या नावावर आहे याची सरकारी नोंद) एका ओळीवर बोट ठेवलं: जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर!

१९६३ च्या मोफा (महाराष्ट्रातला सदनिकांच्या विक्रीबाबतचा) कायद्याखालच्या नियमाप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, व्हायला हवं. आमच्याकडे बावीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. मग जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (मालक किंवा बिल्डर करून देत नसेल तर सरकारी आदेशाने होणाऱ्या) अर्ज. घरोघरी फिरून करारनामे आणि इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) गोळा केले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा करारनामा ट्रंकेत साड्यांखाली सापडला. क्षेत्रफळ जुळेना, कारण एक पट्टा रस्तारुंदीत गेलेला. तोही वकीलबाईंनीच शोधला.

आणि आदेश हातात आला म्हणजे संपलं नाही बरं का. दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवून मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढवून घ्यावं लागतं. तुमच्या मिळकत पत्रिकेचा उतारा ऑनलाइन मिळेल. आजच काढा आणि धारकाचं नाव वाचा.