मदत हवी आहे : दादाची भक्ती, स्वभाव आणि बायपोलरची गोळी

माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल निराशेत जातं. त्यावर लिथियमची गोळी सुरू आहे. घरात माळ पहिल्यापासून आहे आणि तोही मनापासून वारकरी. स्वभावाने अबोल, कीर्तनात मागे बसून टाळ वाजवणारा.

पण आजार उचल खातो तेव्हा हाच माणूस रात्री दोनला उठून मोठ्याने हरिपाठ म्हणतो, झोपेची गरज वाटत नाही म्हणतो, देवाने आपल्याला निवडलंय असं सांगत सुटतो. आईला ते देवाचं देणं वाटतं. मला तर त्याची कमी झालेली झोप आणि बदललेला स्वभाव दिसतो. खरी ओढ कुठली आणि आजार कुठला, हे तुम्ही घरात कसं ओळखता?

यंदा त्याला आळंदीहून पायी वारी करायची आहे, आणि "नाम असताना गोळी कशाला?" असंही सुरू झालंय. लिथियम अचानक बंद केलं तर आजार उलटू शकतो. उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडलं किंवा एकादशीला निर्जळी उपास केला, तर रक्तातलं लिथियमचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला घेणारच आहोत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही ठेवलाय.

लिथियम घेत कुणी वारी केली आहे का? दिंडीत कुणाला विश्वासात घेतलंत? आणि त्याच्या श्रद्धेला धक्का न लावता गोळीचं कसं पटवलंत? वारी त्याच्याकडून हिरावून घ्यायची नाही मला. कृपया अनुभव सांगा.